लंडन ते टोकियो: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का?

प्रश्न असा आहे: लंडन ते टोकियो अंतर एका ठिकाणी ९,५६० किलोमीटर दाखवतात, दुसरीकडे ९,६०० च्या पुढे, आणि सपाट नकाशावर सरळ रेघ मारून मोजलं तर ११,००० च्या वर जातं. जुन्या माहितीत विमानाचा वेळ पावणेबारा तास दिलेला असतो, आजच्या तिकिटावर जाताना पावणेचौदा तासांच्या आसपास आणि येताना त्याहूनही जास्त. यातलं खरं कोणतं? आणि अशीच दुसरी कुठली दोन शहरं घेतली, तर हिशेब स्वतः कसा करायचा?

थोडक्यात सांगायचं तर यातला कुठलाच आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. अंतर हा भूमितीचा मामला. एकदा काढलं की बदलत नाही. वेळ मात्र वारा, कोणत्या देशांचं आकाश उघडं आहे आणि वेळापत्रक कसं आखलंय, यावर ठरतो. म्हणून अंतराला ठरावीक वेगाने भागून आलेला वेळ तिकिटावरच्या वेळेशी जुळत नाही.

आधी अंतर. ९,५६० हा आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा आहे. विमान मात्र विमानतळावरून उडतं. लंडनला हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे टोकियोपासून थोडं दूरच. टोकियोला हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला. त्यामुळे अंतर विचारताना शहरं नाही, विमानतळ सांगायचे. लांबच्या प्रवासात चाळीस-पन्नास किलोमीटरने विमानाच्या वेळेत तीन-चार मिनिटांचा फरक पडतो, पण उतरल्यावर शहरात पोचायला नारिताहून तासाभराच्या वर लागू शकतो. तो फरक खरा महत्त्वाचा.

सपाट नकाशावरची रेघ हा वेगळाच घोळ. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणलेला असतो. त्यावर लंडनहून टोकियोकडे रेघ मारली तर ती पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला झुकलेली दिसते. होकायंत्राच्या भाषेत साधारण ९९ अंश. ही दिशा न बदलता उडत राहिलात तर टोकियोला नक्की पोचाल, पण सुमारे ११,३५० किलोमीटर कापून. गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र लंडनहून ३१ अंशांवर निघते, म्हणजे उत्तर-ईशान्येला. ती ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि मग सायबेरियावरून खाली टोकियोकडे उतरते. तिची लांबी ९,६०० किलोमीटर. दोन वाटांमध्ये साडेसतराशे किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा फरक आहे. या जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात, पुस्तकी मराठीत बृहद्वृत्त. पृथ्वी अगदी मधोमध कापली तर पृष्ठभागावर जी कड तयार होईल, त्या कडेचा हा तुकडा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर असतो आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. दोऱ्याचं एक टोक लंडनवर दाबून धरा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि स्कँडिनेव्हिया, आर्क्टिकचा किनारा असं करत जातो. दोरा मोजला तर साडेबावीस सेंटिमीटर भरतो. ४२५ ने गुणा, ९,५६० येतात. हाताने मोजलेल्या दोऱ्याकडून याहून जास्त काय मागायचं!

नेमका आकडा हवा असेल तर सूत्र एकच आहे आणि ते साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. हानेदा ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व. रेखांशांतला फरक १४०.२३ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.७८२३ × ०.५८१४ = ०.४५४८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.६२२९ × ०.८१३६ × (−०.७६८६) = −०.३८९५. दोन्हींची बेरीज ०.०६५३ आणि तिचा उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ८६.२६ अंश. गोलावरच्या एका अंशाला १११.१९ किलोमीटर, म्हणून ८६.२६ × १११.१९ = सुमारे ९,५९० किलोमीटर.

इथे पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अगदी गोल चेंडू आहे असं धरलंय. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे थोडी चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. हा चपटेपणा धरून काढलं तर या मार्गावर उत्तर दहा-वीस किलोमीटरनी वाढतं. गोल धरल्याने होणारी चूक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. प्रवासाच्या नियोजनाला तेवढं पुरेसं आहे. दोन ठिकाणं अगदी जवळ असतील, काही किलोमीटरवर, तर मात्र उलट कोसाइनचं हे सूत्र दशांशांत घसरतं. तिथे हॅव्हरसाइन नावाचं, जवळच्या अंतरालाही अचूक राहणारं सूत्र वापरावं.

आता चुका कुठे होतात ते बघा, कारण त्या ठरलेल्या जागीच होतात. पहिली, स्प्रेडशीटमधली. तिथे साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. अंश तसेच दिले तर उत्तर येतं, पण त्याला अर्थ नसतो. आणि उत्तर आलंय म्हणून चूक लक्षातही येत नाही, हे जास्त वाईट. दुसरी, पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा रेखांश ७३.७८ पश्चिम आहे. उणे चिन्ह विसरलात तर न्यूयॉर्क सरळ किर्गिझस्तानात जाऊन बसतं आणि लंडनहून तिथलं अंतरही जवळजवळ न्यूयॉर्कएवढंच येतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही! तिसरी चूक अंश-मिनिटांची. ५१ अंश २८ मिनिटं म्हणजे ५१.२८ नव्हे, ५१.४७. मिनिटांना ६० ने भागावं लागतं. या एका चुकीत एकवीस किलोमीटर जातात. आणि चौथी सर्वांत महागात पडणारी, कारण ती हिशेबात नाही, नावात आहे. कॅनडाच्या ऑन्टारियोतही लंडन आहे, नोव्हा स्कोशियात सिडनी आहे, कॅलिफोर्नियात सॅन होजे आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अलाबामातही आहे. म्हणून अंतर काढताना आणि तिकीट काढताना तर नक्कीच, विमानतळाचा तीन अक्षरी कोड जुळवून घ्या.

एककांचाही गोंधळ होतो. विमानं आणि जहाजं सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. ९,६०० किलोमीटर म्हणजे साधे ५,९६५ मैल, पण सागरी ५,१८४. नुसतं "मैल" लिहिलेलं दिसलं तर कोणते ते आधी ठरवा, कारण दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे. लांबच्या प्रवासात त्याचे दीड-दोन तास होतात. विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

आता वेळ. मोठी जेट विमानं ठरावीक किलोमीटर वेगाने उडत नाहीत, ध्वनीच्या वेगाच्या ठरावीक हिश्शाने उडतात, आणि त्या हिश्शाला माख आकडा म्हणतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचा नेहमीचा वेग माख ०.८५. ३७,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असतं आणि तिथे ध्वनीचा वेग तासाला सुमारे १,०६२ किलोमीटर. त्याचे ०.८५ म्हणजे ९०० किलोमीटर. हवा आणखी थंड झाली, उणे ६५ वर गेली, की त्याच माख आकड्याला वेग १५-२० किलोमीटरने कमी होतो. मध्यम पल्ल्याची बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० माख ०.७८ च्या आसपास उडतात, म्हणजे तासाला ८३० किलोमीटर.

हा वेग वरच्या उंचीवरचा आहे. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि खाली उतरायला तेवढीच, साधारण शेवटच्या २०० किलोमीटरमध्ये. बऱ्याच ठिकाणी १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते. चढण्या-उतरण्यात मिळून १५-२० मिनिटं जादा जातात. त्यात जमिनीवर चालण्याची, म्हणजे टॅक्सीची, पंचवीस-तीस मिनिटं धरा. म्हणून ढोबळ नियम असा: अंतर भागिले ९००, अधिक पाऊण तास. लंडन-टोकियोला ९,६०० भागिले ९०० म्हणजे १० तास ४० मिनिटं, अधिक ४५ मिनिटं, म्हणजे ११ तास २५ मिनिटं. मार्ग कधीच अगदी दोऱ्यासारखा सरळ नसतो, चार-पाच टक्के वाकडा होतोच, म्हणून जुन्या वेळापत्रकातला पावणेबारा तासांचा आकडा जवळजवळ जुळतो.

मग आज दोन तास जास्त का? कारण ती जवळची वाट रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर ब्रिटन आणि युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि रशियाने त्यांच्या विमानांना आपलं. जपानी कंपन्याही तेव्हापासून रशियावरून जाणं टाळतात. लंडनहून निघालेलं विमान आता तुर्कस्तान, जॉर्जिया, मध्य आशिया, चीन असा दक्षिणेचा वळसा घेतं. टप्प्याटप्प्याने मोजलं तर लंडन ते तिबिलिसी ३,५५०, तिथून बीजिंगच्या आसपासपर्यंत ५,८५०, पुढे टोकियो २,१००, असे ११,५०० किलोमीटर होतात. म्हणजे नकाशावरची जी "चुकीची" सरळ रेघ होती, जवळजवळ तेवढंच अंतर आता खरोखर उडावं लागतं. त्यात चार टक्के वाकडेपणा आणि मागून थोडा वारा धरून तेच ढोबळ सूत्र लावा, साडेतेरा तास येतात.

टोकियोहून लंडनला परतताना आणखी एक पर्याय असतो: पॅसिफिकवरून अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड असं वरून येणं. ही वाट १२,००० किलोमीटरच्या पुढे जाते, पण मध्य आशियावर पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याशी झुंजावं लागत नाही. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला, असं पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेली विमानं त्यामुळे प्रत्यक्ष दिसतात.

हेलसिंकी-टोकियोचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. अंतर जेमतेम ७,८०० किलोमीटर, आणि पूर्वी साडेनऊ तासांत पोचायचं. २०२२ नंतर फिनएअरची विमानं कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून, असा वळसा घेऊ लागली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. अंतराच्या कुठल्याही तक्त्यात यातलं काही दिसत नाही. त्याच वेळी चिनी आणि आखाती कंपन्यांची विमानं रशियावरून जात राहिली, म्हणून त्याच दोन शहरांमधला वेळ कंपनीनुसारही बदलू शकतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद होतं तेव्हाही युरोप आणि आशिया यांमधल्या बऱ्याच उड्डाणांना असाच वळसा पडला होता. त्यामुळे जुन्या लेखातला किंवा जुन्या तिकिटावरचा वेळ आजसाठी धरू नका, आणि आजचा वेळ पुढच्या वर्षासाठीही गृहीत धरू नका.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. मध्यम अक्षांशांवर, ३०,००० ते ४०,००० फुटांच्या दरम्यान, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याची नदी वाहत असते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती जोरात असते, उन्हाळ्यात मंदावते आणि उत्तरेला सरकते. विमान हवेत उडतं, आणि हवाच सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग बदलतो. लंडन-न्यूयॉर्कचं अंतर ५,५५० किलोमीटर. वारा नसेल तर ९०० च्या वेगाने ६ तास १० मिनिटं. पूर्ण मार्गावर सरासरी १२० किलोमीटरचा वारा धरा, हिवाळ्यात ही काही फार मोठी गोष्ट नाही. न्यूयॉर्कहून लंडनला येताना वेग १,०२० होतो आणि ५ तास २६ मिनिटं लागतात. उलट जाताना वेग ७८० आणि ७ तास ७ मिनिटं.

आता दोन्ही वेळा मिळवून पाहा: १२ तास ३३ मिनिटं. वारा नसता तर १२ तास २० मिनिटं झाली असती. एका बाजूला मदत आणि दुसऱ्या बाजूला विरोध सारखाच असूनही हिशेब बरोबरीत सुटत नाही, कारण विरोधातल्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. म्हणूनच जाण्या-येण्याच्या वेळांची सरासरी घेऊन "खरा वेळ" काढायला जाऊ नये. प्रत्येक दिशेचा वेळ वेगळा लिहावा.

८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं, ते बरोबर नाही. भोवतालच्या हवेच्या हिशेबाने विमान नेहमीच्याच वेगात होतं. ती हवाच पुढे धावत होती.

वाऱ्यामुळे कधीकधी लांबची वाट लवकर पोचवते. सिंगापूर-न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब थेट मार्गांपैकी एक. जवळची वाट १५,३०० किलोमीटरहून थोडी जास्त आहे आणि ती उत्तर ध्रुवाजवळून जाते. पण सिंगापूरहून निघालेलं विमान बऱ्याचदा उत्तर पॅसिफिकवरून जातं: हजारभर किलोमीटर जास्त, पण सतत मागून वारा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा ए३५० च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीवर पुन्हा सुरू केली तेव्हा पहिलं उड्डाण अठरा तासांच्या आत न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळावर पोचलं. त्या विमानात जागा फक्त १६१. बाकीचं वजन इंधनासाठी राखलेलं. अशा लांब पल्ल्यावर इंधन वाहायलाही इंधन जळतं: एक टन जादा इंधन दहा तास वाहून नेलं तर त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाहण्यातच खर्च होतो. म्हणून मार्ग ठरवणारी माणसं किलोमीटर मोजत बसत नाहीत, वाऱ्यासकट वेळ आणि इंधन मोजतात. उत्तर अटलांटिकवर तर वारा पाहून दररोज नवे मार्ग आखले जातात, पूर्वेकडचे वेगळे आणि पश्चिमेकडचे वेगळे.

वाट वाकवणारी आणखी दोन कारणं थोडक्यात. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. ती मर्यादा १८० मिनिटांची असेल तर मोठे समुद्र बहुतेक पार होतात, पण दक्षिण गोलार्धातले, अंटार्क्टिकाजवळचे मार्ग वाकवावे लागतात. ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळालेली आहे. दुसरं कारण तिबेटचं पठार. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांवर उतरायचं असतं, आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. खाली जमीनच १५,००० फुटांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून नकाशावर सरळ दिसणाऱ्या कित्येक वाटा हिमालय-तिबेटला वळसा घालून जातात.

आता तिकिटावरचा वेळ. तो हवेतला वेळ नाही. विमान दारापासून मागे ढकलल्यापासून दुसऱ्या टोकाला दाराशी लागेपर्यंतचा तो वेळ. धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात दोन्हीकडची टॅक्सी आली, धावपट्टीपाशी रांगेत थांबणं आलं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं आलं. हीथ्रोसारख्या गर्दीच्या ठिकाणी दहा मिनिटांच्या घिरट्या हे रोजचंच. त्यावर कंपन्या थोडी ढील सोडतात, कारण वेळेवर पोचल्याची नोंद ब्लॉक टाइमवरून होते. म्हणून वैमानिकाने "हवेत बारा तास पन्नास मिनिटं" सांगितलं आणि तिकिटावर तेरा पंचेचाळीस असलं, तर कुणीही चुकलेलं नाही. उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं ते बहुतेक या ढिलाईमुळे. वेग वाढवून लांब प्रवासात फार तर दहा-पंधरा मिनिटं कमावता येतात, आणि त्यासाठी इंधन भरपूर जळतं.

प्रत्यक्षात किती लागतो हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी बघा. एका दिवसावरून काही ठरवू नका. हिवाळ्यात जाणार असाल तर जमल्यास मागच्या हिवाळ्याच्या नोंदी बघा. जुलैमधला आकडा जानेवारीला लावला तर पश्चिमेकडे जाताना अर्धा-पाऊण तास सहज चुकतो.

मग घड्याळ. तिकिटावरच्या सगळ्या वेळा स्थानिक असतात, म्हणून निघण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून थेट वजा करू नका. दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) आणा. उदाहरण घ्या: उन्हाळ्यात लंडनहून दुपारी १३:०० ला निघायचंय. उन्हाळ्यात लंडन प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतं, म्हणजे प्रमाणवेळ १२:००. त्यात १३ तास ४५ मिनिटं मिळवा: दुसऱ्या दिवशी ०१:४५. टोकियो नऊ तास पुढे, म्हणून तिथे सकाळचे १०:४५. हेच हिवाळ्यात केलं तर लंडन प्रमाणवेळेवर असतं, आणि टोकियोला पोचायची वेळ ११:४५ होते. प्रवास तेवढाच, घड्याळ मात्र तासाने पुढे, कारण जपान उन्हाळी वेळ पाळत नाही.

मार्चमध्ये विशेष सांभाळा. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधला फरक पाच तासांऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरच्या आठवड्यातही तसंच होतं. पुढचं विमान गाठायचं असेल किंवा पोचल्यावर लगेच बैठक असेल, तर या आठवड्यांत हमखास चूक होते.

तारीखरेषा ओलांडताना तर पोचण्याची वेळ निघण्याच्या आधीची दिसते. टोकियोहून संध्याकाळी १७:०० ला निघून दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरलात, तर उन्हाळ्यात तिथे त्याच दिवसाचे सकाळचे ११:०० वाजलेले असतात. तिकिटावर त्याच तारखेला, सहा तास आधी! ही छापण्यातली चूक नाही. उलट दिशेने मात्र एक दिवस जातो. लॉस एंजेलिसहून सोमवारी दुपारी निघालेला माणूस टोकियोला मंगळवारी उतरतो, आणि सोमवारपासून बुक केलेल्या खोलीची पहिली रात्र फुकट जाते. पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात "+१" (म्हणजे दुसऱ्या दिवशी) असतं, ते बघूनच खोली बुक करा.

थेट विमान नसेल, किंवा मधल्या थांब्याचं तिकीट घेत असाल, तर अंतराची बेरीज कामाची नाही, वेळेची करा. लंडन-टोकियो दुबईमार्गे गेलात तर लंडन-दुबई ५,५०० आणि दुबई-टोकियो ७,९५० मिळून सुमारे १३,४५० किलोमीटर. ढोबळ सूत्राने पहिला टप्पा सात तासांचा आणि दुसरा साडेनऊचा. त्यात मधला थांबा. तिकिटावर सत्तर-ऐंशी मिनिटांचा थांबा दाखवला तर तो नियमात बसतो, एवढंच. विमानतळाने ठरवलेली ती किमान मर्यादा असते. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की तुमच्या हातात अर्धा तास उरतो, आणि पुढचं विमान सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी त्याचं दार बंद होतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं घेतली असतील तर ती तुमची, आणि अनेकदा सामानही बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं. अशा वेळी चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. एका तिकिटावर असाल तर अडीच-तीन तास ठेवा. म्हणजे दारापासून दारापर्यंतचा हिशेब असा मांडा: घराहून विमानतळ, तीन तास आधी हजेरी, सात तास, थांब्याचे तीन, साडेनऊ तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा एक-दीड तास, शेवटी शहरात जायचा वेळ. थेट विमानाने हाच प्रवास साधारण वीस तासांत होतो, थांब्याने सव्वीसच्या आसपास.

दुसऱ्या कुठल्याही दोन शहरांसाठी हेच करा. विमानतळ ठरवा, ग्रेट सर्कल अंतर काढा, आणि मग कागदावर पाहा की ती वाट कोणत्या देशांवरून जाते आणि तुमच्या कंपनीला ते आकाश उघडं आहे का. उघडं असेल तर अंतरात पाच टक्के मिळवा. नसेल तर वळशावरची दोन-तीन ठिकाणं घेऊन तुकड्यातुकड्यांनी बेरीज करा. मग ९०० ने भागा. वाट पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेकडे जाताना भागाकार ९५० ते १,००० ने, पश्चिमेकडे ८०० ते ८५० ने. हिवाळ्यात त्यातली टोकाची बाजू घ्या. उत्तर-दक्षिण वाटेवर वारा सहसा आडवा असतो, तिथे ९०० तसेच ठेवा. शेवटी पाऊण तास मिळवा. १,५०० किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना मात्र हे लागू नाही: तिथे विमानाचा बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, म्हणून ८०० ने भागून पाऊण तास मिळवलेलं जास्त जवळ येतं.